अग्निशमन दलाच्या देखरेखीखालचा राब

आमचा ठाणे जिल्हा म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री आणि मधे भातच भात. हे ज्ञान मी आमच्या पालेगावच्या टॉवरमधल्या नागपूरच्या शेजारणीला अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून पाजलं होतं. "पण शेती आहे कुठे इथे?" असं तिनं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. खाली बोट दाखवून मी तिला बाबांचं भाताचं खाचर दाखवलं. चारी बाजूंनी टॉवर उठले तरी तेवढं एक टिकलंय. खाडीकडची मिठागरं, डोंगराकडची नाचणी, सगळं ऐकवलं. पेरणीआधी शेण, टहाळ, पाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, हेही सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी डुलकीतून उठले, तर खाली धुराचा लोट. शेजारीण ओरडत होती. राब मी जन्मभर बांधावरून पाहिलेला, अकराव्या मजल्यावरून कधीच नाही. शहाणीनं थेट अग्निशमन दलाला फोन लावला.

धापा टाकत खाली पोचले, तर बंब माझ्याआधी हजर. पाइप उलगडलेला आणि बाबा त्याच्यासमोर हात पसरून उभे. पाण्याचा एक फवारा बसला असता तर वर्षभर गोळा केलेला राब चिखलात गेला असता. राब नीट भाजला नाही तर रोपांत तणच माजतं.

सुदैवानं पाइप धरणारा मुरबाडकडचा निघाला. "अहो, हा तर राब आहे," तो म्हणाला. पण आलोच आहोत तर आग विझेपर्यंत थांबायला हवं, असं त्यांचं ठरलं. आंब्याखाली बसून सगळ्यांनी चहा घेतला. एवढ्या बंदोबस्तात जिल्ह्यात कुणाचा राब भाजला नसेल.

"फोन कोनी केला?" बाबांनी विचारलं.

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"एका बाईंचा होता," मुरबाडकर म्हणाला. "रडत होत्या. आमच्या शेताला आग लागलीय म्हणाल्या."

त्या शेताला 'आमचं' म्हणणारं बाबांशिवाय मी एकटीच. लग्न होऊन टॉवरात गेल्यापासून मला शेताचं काही पडलेलं नाही, असं ते गावभर सांगत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राब इसरलीस," ते म्हणाले. मग कनवटीची काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. "पुढल्या वर्षी तूच लाव. फोन घरी ठेवून ये."