बिबट्या आल्याचा निरोप

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याही ऑनलाइन झाला आहे. शहरातल्या एका कंपनीनं त्याच्यासाठी अ‍ॅप काढलं. शिवारात कॅमेरे, त्यांना बिबट्या दिसला की गावातल्या फोनांवर भोंगा, आणि खाली सूचना: घराबाहेर पडू नका. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. ज्यांना घरं होती त्या सगळ्यांनी अ‍ॅप घेतलं.

त्या हिवाळ्यात डिंगोऱ्यातल्या आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढपाळ, त्याची बायको आणि त्यांची लहानगी उघड्यावरच झोपायची. बिबट्याशी खरी गाठ पडायची ती यांचीच, आणि यांच्याकडे बटणांचा फोन. मला काही बघवेना. माझा जुना स्मार्टफोन मी त्या बाईला दिला, त्यांच्या फोनमधलं सिम आणि अ‍ॅप घालून दिलं, भोंगा वाजवून दाखवला आणि समाजातली एक दरी स्वहस्ते बुजवल्याच्या थाटात आठवडाभर गावातून फिरले.

शेतात वीज नव्हती. जुनी बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून बाई रोज उन्हं उतरली की फोन आमच्या ओट्यावर चार्जिंगला लावून जायची आणि सकाळी न्यायची. म्हणजे दिवसा फोन शेतात आणि बिबट्याच्या वेळेला आमच्या स्वयंपाकघरात. यात काही चुकतंय असं घरात कुणालाच वाटलं नाही. आम्ही सगळे शिकलेले.

एकदा दिवेलागणीला दोन्ही फोन एकदमच बोंबलले. बिबट्या आमच्याच बांधावर होता. मी घाईघाईनं बाईला फोन लावला. रिंग ओट्यावर वाजली. ती वाजतच राहिली. पोर त्या वेळी झोपलेली असायची, मेंढ्यांच्या जाळीलगत, जमिनीवर.

अ‍ॅप बाहेर पडू नका म्हणत होतं. नवऱ्यानं ट्रॅक्टर काढला आणि मी मागे उभी राहून थाळी बडवत निघाले. पोचलो तेव्हा एक कोकरू गेलं होतं. पोर आईच्या कडेवर होती, गळ्याला घट्ट मिठी मारून. मला तिथंच रडू आलं.

सकाळी अ‍ॅपवर संदेश आला, वेळीच सूचना मिळाल्याने सर्व नोंदणीकृत सदस्य सुखरूप. कोकराची नोंदणी केलेली नव्हती. गावानं संदेशावर पसंतीचे अंगठे टाकले.

बाई काही फोन न्यायला आली नाही. मीच तो घेऊन शेतावर गेले आणि रात्री जवळच ठेवत जा म्हटलं. तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि परत माझ्या हातात ठेवला.

“ताई, ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “वाजला की तुमी या.”