मास्तरांची मखमल

बसायच्या आधी मास्तर हात फिरवायचे. खुर्ची असो, पायरी असो, नाहीतर आमच्या घरातली सतरंजी. तळवा पालथा करून आधी डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, आणि मगच टेकायचे. ते पहिल्यांदा आमच्या विठ्ठलवाडीच्या घरी आले तेव्हा मी अकरावीत होते. त्यांना तसं करताना पाहिलं आणि मला वाटलं, आपली सतरंजी यांना मळकी वाटतेय. किंवा आणखी काही. आमच्यासारख्या घरात अशा वेळी ते 'आणखी काही' मनात येतंच. मी आत जाऊन उगाच चहाची भांडी हलवत बसले.

आई मागून आली आणि हसत म्हणाली, "अगं, सुई बघतायत ते. बसमध्येपण बघतात, सीटवर."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम घरी येताना त्याच्याबरोबरच येतं. मास्तर मानपाड्याला एमआयडीसीत, लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका युनिटमध्ये चेकिंगला होते. आई तिथेच धागे कापायची. शिलाई मशीनची सुई मोडली की तिथे सगळी लाइन थांबायची. मोडलेल्या सुईचा तुकडा न् तुकडा शोधायचा, टेबलावर जोडून बघायचा, आणि सुई पूर्ण झाली तरच पुढचं काम. "तुकडा मिळाल्याशिवाय उठायचं नाही," मास्तर सांगायचे. घरी जायच्या वेळेला सुई मोडली आणि बायका कुरकुरल्या तर म्हणायचे, "कोणाचं तरी पोर घालणार आहे गो हा फ्रॉक."

पुढे युनिटमध्ये मोठं मशीन आलं आणि जुना, हातात धरायचा डिटेक्टर मालकांनी मास्तरांना देऊन टाकला. मॉलच्या दारात गार्डच्या हातात असतो ना, तसा दांडा. बॅटरीचं झाकण तुटलेलं, ते मास्तरांनी चड्डीच्या इलॅस्टिकने बांधलेलं. त्याला ते 'म्हातारी' म्हणायचे. रविवार आला की म्हातारीला घेऊन बाहेर पडायचे. मैदानं, खोदून ठेवलेले रस्ते, ओढ्याचे काठ. "बोलली म्हातारी," असं म्हणून उकिडवे बसायचे आणि बोटांनी माती उकरायचे. निघायचं काय, तर बाटल्यांची झाकणं, खिळे, ब्लाउजचे हुक, एखादं घुंगरू.

"काय मास्तर, सोनं लागलं का हाताला?" नाक्यावरची पोरं चिडवायची.

मास्तर खरोखर विचारात पडायचे. "सोनं मिळालं तर ते कोणाचं, हे शोधत फिरावं लागेल. त्यापेक्षा झाकण बरं."

मी एकदा धीर करून विचारलं, की मग शोधता कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की श्वास कशाला घेता. "आत काहीतरी आहे एवढं कळलं, आणि न बघता पुढे जायचं? कसं काय?" या उत्तराने माझं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर मास्तरांविषयीचं कुतूहल तिथूनच सुरू झालं.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कानात मशीन आहे, एका शिबिरात मिळालेलं. ते कानात असलं तर मी कॉलेजात पहिल्या बाकावर बसून निभावून नेते. नसलं तर समोरच्याच्या ओठांकडे बघते, आणि अंदाज बांधते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे मला काय ऐकू येत नाही, हे मी घरी फारसं सांगत नाही. त्यांना वाटतं, सगळं ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, आम्ही एनएसएसची मुलं नेवाळीच्या पुढच्या रानात बंधारा घालायला गेलेलो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि त्या ओढ्यात रचून पाणी अडवायचं. धूळ फार होती म्हणून मी ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती. काम संपल्यावर चालता चालता ती ओढून काढली. परत येताना बसमध्ये बसले आणि माझ्या लक्षात आलं की बस फारच शांत आहे. सगळ्यांची तोंडं हलत होती, टाळ्या पडत होत्या. कानाला हात लावला. मशीन नव्हतं.

मंगळवारी ठाण्याला माझा पहिला इंटरव्ह्यू होता.

घरी आल्यावर बाबा कागदावर लिहून म्हणाले, जाऊ दे, पुढची नोकरी बघू. नवीन मशीनसाठी किती महिने थांबावं लागेल, ते कोणालाच माहीत नव्हतं. आई उठली. चप्पल घालून सरळ मास्तरांकडे गेली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या रानात उभे होतो. जे बोलणं झालं त्यातलं निम्मं मी ओठांवरून वाचलं आणि निम्मं आईने नंतर साग्रसंगीत सांगितलं. मास्तरांच्या खांद्याला पिशवी, मनगटात कड्यासारखी अडकवलेली चिकटपट्टी. कपड्यावरची सुतं काढायला ती लागते, ती त्यांच्या हातात जेवतानाही असायची. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. ओढ्यापासून मी ओढणी काढली त्या करंजाच्या झाडापर्यंत, झुडपांना दोरे बांधून त्यांनी जमिनीच्या पट्ट्या पाडल्या. एक पट्टी संपल्याशिवाय दुसरीत जायचं नाही.

"मास्तर, रान आहे हे, कटिंग टेबल नाही," आई म्हणाली.

"ताई, तुम्ही दोरा धरा."

मी ओशाळून बाजूला उभी होते. म्हातारी बोलली तरी मला कळणार नव्हतं. तिचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला, मशीन असतानाही मला जेमतेम ऐकू यायचा. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दांड्यावरचं एक बटण त्यांनी दुसऱ्या बाजूला सरकवलं, खिशातली किल्ली त्याच्याजवळ धरली आणि दांडा माझ्या हातात दिला. तो थरथरला. मुठीत चिमणी धरल्यासारखा.

"तुझ्या हाताला ऐकू येईल," ते सावकाश, तोंड मोठं उघडत म्हणाले. "तू ऐक. मी उकरतो."

मग आम्ही तसे निघालो. मी वाकून दांडा फिरवत पुढे, मास्तर उकिडवे सरकत मागे. दोन खिळे मिळाले, गोणीची तार मिळाली. मला भीती वाटत होती, पण मजाही येत होती हे कबूल करते. जमीन अशी हाताला बोलते हे मला माहीत नव्हतं. एका पट्टीच्या टोकाला करवंदीच्या जाळीवर एक वेल चढलेला होता, त्याच्याखाली दांडा पुन्हा थरथरला. मी मास्तरांकडे बघून मान हलवली.

त्यांनी वेल बाजूला करायला हात घातला आणि थांबले. वेलाला शेंगांचे घोस लागले होते. वाकड्या, बोटाएवढ्या, आणि अंगभर सोनेरी तपकिरी लव. ऊन पडलं होतं, त्यामुळे त्या चमकत होत्या. मी मास्तरांचा चेहरा पाहत होते. माणूस ओळखीचं कोणी भेटल्यावर हसतो, तसे ते हसले.

"मखमल आहे गो!"

आणि आयुष्यभर कापडाचं जे केलं तेच त्यांनी केलं. शेंग तोडली, अंगठा आणि बोटात चोळून बघितली, मग मनगटाच्या आतल्या बाजूवर उलटसुलट फिरवली, आणि शेवटी, लव किती मऊ आहे ते नीट कळावं म्हणून, गालावर.

आई ओढ्याकडून धावत येताना मला दिसली. तिचं तोंड एवढं उघडं होतं की मलाही ऐकू आल्यासारखं वाटलं. "टाका ती! मास्तर, टाका! खाजकुइली आहे ती!"

मास्तर गालाला शेंग लावून तसेच तिच्याकडे बघत होते. मग त्यांचा एक डोळा बारीक झाला. मग दुसरा. मग ते उभे राहिले, मान खाजवली, गाल खाजवला, बाटलीतलं पाणी तोंडावर ओतलं आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं.

"पाणी नका लावू! चोळू नका, पसरतं!"

"आता सांगताय, ताई?"

"तुम्ही विचारलंत कुठे? डायरेक्ट गालाला लावलीत! आमच्या गावाला पोरं शाळेत गुरुजींच्या खुर्चीवर टाकायची ती. एक गुरुजी बदली मागून गेले!" आई ओरडत होती आणि मधेच तिला हसू येत होतं, ते दाबायला ती पदर तोंडात धरत होती. मास्तर जागच्या जागी नाचत होते. नाचता नाचता त्यांनी विचारलं, "आणि फळ खातात का हिचं?" खरंच विचारलं. आईने कपाळावर हात मारला.

गावाला यावर राख लावतात म्हणे. रानात राख कुठली? आई इकडे तिकडे बघायला लागली. तेवढ्यात मास्तरांनीच स्वतःचं मनगट पुढे केलं. "सुतं काढतात तशी काढा." आईने चिकटपट्टीचा लांब तुकडा फाडला, त्यांच्या गालावर दाबला आणि ओढला. पट्टीवर बारीक सोनेरी केस आले. पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. मी मानेची बाजू घेतली. आम्ही दोघी मायलेकी एका मोठ्या माणसाला, फ्रॉक साफ करावा तसं साफ करत होतो आणि तो डोळे मिटून "आई गं" म्हणत उभा होता.

खाज थोडी कमी झाली. चेहरा मात्र लाल झाला, एक डोळा सुजून अर्धा मिटला. आई गंभीर झाली. "बस झालं. घरी चला. पोरीचं बघू नंतर काहीतरी." हे तिने माझ्याकडे पाठ करून म्हटलं, पण मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मीही मास्तरांची बाही ओढून म्हणाले, "राहू दे ना मास्तर. चला."

मास्तरांनी पिशवीतून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, हातांत चढवल्या आणि मनगटापाशी चिकटपट्टीने बांधल्या. माझी ओढणी मागून तोंडाला गुंडाळली. आईच्या गळ्यात धागे कापायची छोटी कातर कायम असायची, ती घेतली आणि वेलाची देठं एकेक करून कापून, अलगद, आवाज न करता झोपलेल्या मुलाला उचलावं तशी बाजूला ठेवली. मग खालच्या पाचोळ्यात हात घातला. बराच वेळ.

हातात आलं ते सोड्याच्या बाटलीचं झाकण.

आई मटकन खाली बसली. मी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मास्तरांनी झाकण खिशात टाकलं आणि मला खूण केली, पुन्हा फिरव. मी मान हलवली, काय उपयोग? त्यांनी ओढणी तोंडावरून खाली केली, म्हणजे मला ओठ दिसावेत म्हणून. त्या जागी, त्या शेंगांच्या शेजारी. "सुईचा एक तुकडा मिळाला म्हणजे सुई मिळाली का? जिथे एक मिळतो तिथेच पुन्हा बघायचं. फिरव."

मी दांडा खाली नेला. वाटलं, माझाच हात कापतोय. मी दांडा दुसऱ्या हातात घेतला. त्यातही थरथरत होता.

झाकण मिळालं त्याच्या जवळच, पाचोळ्याच्या खालच्या ओलसर थरात मशीन पडलेलं होतं. मास्तरांनी ते उचललं. मी झडप घालून ते कानात घालणार, तर मास्तरांनी हात मागे घेतला आणि आईने माझ्या पाठीत धपका दिला. "कानात खाजकुइली घालतेस? शहाणी!" मास्तरांनी एका दगडाकडे जाऊन, त्यावर हात फिरवून, बसून, चिकटपट्टीच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी ते मशीन सगळ्या बाजूंनी साफ केलं. एकच डोळा उघडा होता. रबराचं टोक त्यांनी काढून फेकलं, नवीन बसव म्हणाले. एवढं करूनही ते घरी जाईपर्यंत माझ्या हातात दिलं नाही.

मंगळवारी आईला सुट्टी नव्हती, म्हणून मास्तरच माझ्याबरोबर ठाण्याला आले. चेहऱ्यावर अजून चट्टे होते. टेंभी नाक्याजवळच्या त्या ऑफिसच्या बाहेर ते रस्त्यावर उभे राहिले, आत यायला तयार झाले नाहीत. "माझं तोंड बघून तुला पण घेणार नाहीत."

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी नोकरीचं विचारलं नाही. विचारलं, "ऐकू आलं?"

"सगळे प्रश्न आले," मी म्हणाले. "एकाचं उत्तर आलं नाही."

"मग झालं की! उत्तर शिकता येतं," ते म्हणाले आणि इतके खूश झाले की मला समोरच्या दुकानात नेऊन ताक पाजलं. ती नोकरी मिळाली नाही. पण ऐकू आलं नाही म्हणून गेली नाही, हे मला आजही पुन्हा पुन्हा आठवतं.

युनिट पुढच्या पावसाळ्यानंतर बंद झालं. आईला अंबरनाथला काम मिळालं. मास्तर गुहागरला मुलीकडे राहायला गेले, तिकडे किनाऱ्यावर वाळूत काय काय मिळतं बघू म्हणाले. फोनवर मला नीट ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते व्हिडिओ कॉलच करतात. ओठ दिसावेत म्हणून फोन अगदी तोंडाजवळ धरतात. त्यामुळे वर्षभरात त्यांचे डोळे, कपाळ, मागचं घर, समुद्र, काहीही मला दिसलेलं नाही. पडदाभर नुसते ओठ आणि चार पांढरे दाढीचे खुंट. ते सावकाश हलतात. "जे-व-लीस?"

फोन जरा लांब धरा, असं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.