फॉलोअप घेणारे तिघे

आमच्या देवळामागच्या कट्ट्यावर किस्से शोधावे लागत नाहीत. मी, गणपा आणि बापू, तिघे म्हातारे बसलो की ते आपोआप साठतात. सांगितले नाहीत तर बसायला जागा उरायची नाही!

मी चौथी शिकलेला माणूस. पण एक इंग्रजी शब्द मला पक्का येतो. फॉलोअप!

* * *

आमचं गाव हुपरीच्या वाटेवर. कोल्हापूरहून संध्याकाळी येणारी बस बंद झाली. नात सोनाली तिथंच कॉलेजात. मुलानं सांगून टाकलं, "बस न्हाय तर कॉलेज न्हाय." मी डेपोत अर्ज देऊन आलो आणि निवांत बसलो.

सोनाली म्हणाली, "आबा, अर्ज दिऊन भागत न्हाय. फॉलोअप घ्यायचा."

"म्हंजे?"

"काम हुईपर्यंत मागं लागायचं. सारखं इचारायचं."

"मग तुझी आज्जी लगीन झाल्यापास्नं तेच करती की!"

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

* * *

शब्द मी कट्ट्यावर नेला. गणपाला तो फार आवडला.

त्यानं मुलासाठी एक मुलगी बघितली होती. होकार येईना. गणपानं फॉलोअप सुरू केला. सकाळी फोन, दुपारी फोन, जेवताना फोन. शेवटी मुलीच्या वडिलांचाच फोन आला.

"पावणं, आमी हुकार देणारच हुतो. पण पोरगी म्हणती, सासरा आत्ताच एवढं इचारतोय, मग घरात गेल्यावर काय करंल?"

* * *

बापूला खोकला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "आठवड्यानं फॉलोअपला या."

"मी कशाला? औषध तुमचं. लागू पडलं का, ते इचारायला तुमी यायचं!"

डॉक्टर आले नाहीत. बापू अजून खोकतो आणि त्यांच्यावर रागावून आहे.

* * *

डेपोत आम्ही दर सोमवारी जायचो. साहेब म्हणायचे, "काका, वर पाठवलंय." आम्ही समोरच्या बाकावर बसून भडंग खायचो. तासाभरानं पुन्हा विचारायचो, "वरनं खाली आलं का?"

एका सोमवारी साहेब रजेवर होते. आम्ही पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. बाई भल्या. चहा दिला. साहेब लुंगीवर बाहेर आले आणि आम्हाला बघून खुर्चीत बसले.

त्याच आठवड्यात बस मंजूर झाली!

* * *

पहिल्या दिवशी बसमधून यायला अर्धं गाव कोल्हापुरात हजर. मी पुढच्या सीटवर. साहेब स्वतः बसला हार घालायला आलेले. बस सुटायच्या वेळेला सोनाली मैत्रिणींबरोबर धावत आली. बसायला जागाच नाही. कशीबशी दांड्याला धरून उभी राहिली.

"आबा, ही एक बस पुरत न्हाय."

मी ड्रायव्हरला म्हणालो, "दोन मिन्टं थांब."

मला उतरताना बघून साहेब पळत ऑफिसात शिरले आणि आतून कडी लावली.