पहिल्या वळणावरची भेग

ऑफिसात त्यांना सगळे जिनेबुवा म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. आमच्या पेपरात दर गुरुवारी त्यांचा शहराच्या इतिहासावरचा मजकूर यायचा, आणि त्यात कुठला ना कुठला जिना असायचाच. राजवाडे, किल्ले यांच्या वाटेला ते जात नसत. "त्यांना वाली आहेत हो," म्हणायचे. "साठ-सत्तर वर्षांच्या सिमेंटच्या इमारतीला कोण विचारतंय? ना धड जुनी, ना धड नवी."

वाचनालयाचा जिना म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. खाली एकही खांब नाही, नुसता भिंतीतून निघून वळत वर गेलेला. त्यांचे वडील गवंडी. त्या पायऱ्या त्यांनीच हाताने घासून गुळगुळीत केलेल्या. पहिल्या वळणावर केसाएवढी भेग होती. जिनेबुवा दर वर्षी तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख घालायचे. तीस वर्षांच्या तीस तारखा, एकीखाली एक. भेग काही जागची हलली नव्हती.

वाचनालय पाडायचं घाटू लागलं, तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने लिहिलं. शेवट असा होता: "जिन्याला भेग आहे, हे मी लपवत नाही. पण तीस वर्षांत ती सूतभरही सरकलेली नाही."

मजकूर दोन ओळी जास्त भरला. खाली जाहिरात, छपाईची घाई, आणि पान लावणारा मी शहाणा! शेवटच्या दोन ओळी उडवल्या. सकाळी छापून आलं, "जिन्याला भेग आहे, हे मी लपवत नाही." बस्स.

नगरपालिकेने ते कात्रण फाइलीला जोडलं. बैठकीत अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं. जिनेबुवा उठून तारखांचं सांगू लागले, तर तो म्हणाला, "काका, पेन्सिलीच्या रेघा कोणीही मारेल." आम्ही चूक दुरुस्त केली, पण सातव्या पानावर, भिंग लावून शोधावी अशी. तोवर मंजुरी मिळून गेली होती.

मूर्खपणा माझा, भोगलं त्यांनी. मी कशीबशी माफी मागितली, तर म्हणाले, "अहो, जागाच नव्हती, तुम्ही तरी काय करणार?" चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

जिना पाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मजकूर घेऊन आले. चपलांवर पांढरी धूळ होती. मी सवयीने ओळी मोजल्या.

"दोन कमी पडतायत," मी म्हटलं.

"मुद्दामच," ते म्हणाले. "कापायला लागू नये म्हणून."

मला वर बघवेना. मान खाली घालून पान लावलं आणि दोन ओळींची जागा कोरी सोडली. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आता तिथे जाहिरात येते, आणि मेली बरोब्बर बसते.