बागबाजारातली चूलबंदी

फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही घर काढलं आणि त्या घरात चूल पेटवायला मी बंदी घातली.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बँकेने मला बदलीवर कलकत्त्याला धाडलं होतं. तिथल्या मराठी मंडळात गणपतीच्या पंगती उठवून उठवून माझ्या अंगात व्यवस्थापक संचारला होता. मंडळाने बागबाजारात एक जुनं घर भाड्याने घेतलं. फुटपाथवरच्या कुटुंबाला तिथे एक खोली मिळायची. कमाईचा जम बसला की त्यांनी बाहेर स्वतःची खोली बघायची आणि जागा पुढच्या कुटुंबाला सोडायची. देखरेख माझ्याकडे. भिंतींना नुकताच चुना दिलेला, त्यावर काजळी धरू नये म्हणून मी ठराव मांडला: चुली नकोत, सगळ्यांची एकच पंगत. आधी भाषण केलं, मग ठराव पास झाला.

पंगतीत आमटी-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. मासळी अर्थातच नाही. लोक मुकाट जेवायचे. मला वाटायचं, आवडतंय.

एका रविवारी सकाळी गेलो तर घर रिकामं. बाहेर येऊन पाहतो तो समोरच्या फुटपाथवर सगळी मंडळी ओळीने शेगड्या पेटवून बसलेली, आणि मासे तळण्याचा वास थेट आमच्या चुन्याच्या भिंतींपर्यंत. ज्यांना कौतुकाने फुटपाथवरून उचलून आणलं, त्यांना मी जेवायला परत तिथेच बसवलं होतं.

ओळीच्या टोकाला एक बाई मात्र गाठोडं बांधत होती. नवरा हातगाडी ओढायचा, पदरात दोन मुली. इथे येण्याआधी ती रोज घुगनी, म्हणजे वाटाण्याची उसळ, शिजवून ट्रामच्या थांब्यापाशी विकायची.

मी माझ्या मोडक्या बंगालीत विचारलं, "कुठे निघालीस?"

"एस्प्लनेडला. जुन्या जागेवर."

"अगं, इथे डोक्यावर छप्पर आहे."

"छपरावर घुगनी शिजते का, बाबू? बाहेर शेगडी पोलीस उचलतात, आत तुम्ही. घुगनी विकली नाही तर खोली कशाच्या जिवावर घेऊ? तुमच्याच पंगतीत म्हातारी होऊ?"

संध्याकाळपर्यंत थांब, असं तिला विनवून मी अध्यक्षांकडे धावलो. ट्राम वाटेत बंद पडली. उरलेलं अंतर घामाघूम होऊन चाललो, सगळ्या शहरावर चिडत. अध्यक्ष जन्मापासून कलकत्त्याचे, पेशाने वकील, घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

"ठराव तुमचाच," ते म्हणाले. "बदलायचा तर पुढच्या सभेत मांडा."

"पण बाई आज निघाली आहे."

"मग त्या दिवशी भाषण इतकं चांगलं करायचं नव्हतं. संदेश घ्या, मिठाई ताजी आहे."

संदेश खाल्ला. संताप तसाच राहिला. घरी येऊन बायकोपुढे सगळ्यांच्या नावाने खडे फोडले: मंडळ, ट्राम, वकील, सगळे. तिने ऐकून घेतलं.

"अहो, बदली होऊन आलो तेव्हा तुमच्या साहेबांकडे राहिलो होतो ना आपण? त्यांच्या स्वयंपाकघरात मला चहासुद्धा करू देत नव्हते. तुम्ही रोज कुरकुरत होता."

"त्यांचा चहा पांचट होता."

"आणि तुमची आमटी?"

मी चप्पल घालून पुन्हा बागबाजार गाठलं. बाई गाठोड्यावर बसून होती, नवरा शेजारी उभा, मुली तिला टेकून पेंगत होत्या. मी जाहीर केलं की आजपासून मागच्या अंगणात ज्याने त्याने आपली शेगडी पेटवावी. ठराव गेला खड्ड्यात, सभेला काय ते मी सांगेन. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाठोड्यातून शेगडी बाहेर काढली. पत्र्याच्या छोट्या बादलीला आतून माती लिंपलेली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, बंदी मी घातली, तर पहिली शेगडीही मीच पेटवावी. खाली कोळसा भरला, वर शेणी रचली, काडी लावली आणि जोरजोरात फुंकू लागलो. धूर अंगणातून खोल्यांत, खोल्यांतून जिन्यात. मुली खोकायला लागल्या. चुना दिलेली भिंत दिसेनाशी झाली.

बाईने माझ्या हातातून काड्यांची पेटी काढून घेतली.

"बाबू, तुम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहा. तुम्ही आत असलात की इथे काही शिजत नाही."