लातूरला राहायला गेलेला माझा आवाज

नांदेडहून लातूरची एसटी निघाली तेव्हा गोदावरीवर धुकं होतं. पुलावरून नदी दिसत नव्हती. घाटावरचे दिवे तेवढे हवेत कुणी सोडून दिल्यासारखे तरंगत होते. असं काही पाहिलं की माणूस मऊ होतो. मी मात्र भांडायला निघालो होतो, म्हणून खिडकी लावून घेतली.

अर्धापूरला माझा केळीचा व्यापार आहे. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये घड चढवण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचे दोन ट्रक आहेत. माझा सगळा धंदा उक्त्या सौद्यांचा (न तोलता, नजरेच्या अंदाजाने अख्खी बाग घेण्याचा). झाडावरचा घड बघून मी वजन सांगतो. दोन वर्षांमागे तेजस्विनी नावाची निलंग्याची इंजिनियर मुलगी महिनाभर माझ्यामागे बागांतून हिंडली. ती घडाचा फोटो काढायची, मी वजन बोलायचो, तिचा मोबाइल माझा शब्द टिपून घ्यायचा. परवा बातमी आली. फोटोवरून केळीचं वजन सांगणाऱ्या, आपल्या बोलीत बोलणाऱ्या लातूरच्या ॲपला मोठं भांडवल मिळालं. बातमीत तिचं नाव होतं, भांडवल देणाऱ्यांचं होतं. माझं नव्हतं. तीनदा वाचली, तरी नव्हतं.

मोबाइलच्या बातम्या मी रोज वाचतो. कागदासारखी घडी होणारा फोन आला, दहा मिनिटांत भाजी दारात आली, नोकरी सोडलेल्या पोरांनी कंपनी काढली. वाचता वाचता गुंगी येते. उंच काचेच्या घरात माणसं अनवाणी फिरताहेत आणि त्यांनी बोट लावलं की जग हलतंय, असं काहीतरी दिसायला लागतं. मग आठवतं की ती भाजी उगवायला किती दिवस लागले हे कुणी छापलेलंच नाही. मी चिडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो.

लोह्याच्या पुढे ऊन आलं आणि डोळा लागला. रस्त्याकडेची तूर बसच्या बरोबरीनं चालत होती. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला. "घड बरा हाय, पण अठराच्या वर जायचा न्हाई." मी दचकून जागा झालो. शेजारच्या मावशी मांडीवरच्या मोबाइलमध्ये केळीचा फोटो बघत होत्या.

"हा कुणाचा आवाज, मावशी?"

"मशीनचा."

"मशीनचा कसा? माझा हाय तो!"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाव का? मग त्याला जरा गोड बोलायला शिकवा. सुनेशी बोलल्यावाणी खेकसतंय."

अहमदपूरच्या अलीकडे टायर बसलं. सगळे खाली उतरलो. बालाघाटच्या उतरणीवर वारा गवताला एकाच बाजूला विंचरत होता. कंडक्टरचं चाक बदलून होईपर्यंत मी भांडणाची वाक्यं जुळवली. मावशी पुन्हा पुन्हा तोच फोटो दाखवत होत्या आणि दर वेळी माझा आवाज माळावर निघून जात होता. आपण मेल्यावर असंच काहीतरी मागे उरत असावं, असं वाटलं.

लातूरला औसा रोडवर शिकवण्यांच्या पाट्यांच्या गर्दीत एका जिन्यावर त्या कंपनीची लहानशी पाटी होती. आत काच नव्हती. चार टेबलं, पंखा आणि भिंतीवर घडांचे शेकडो फोटो. तेजस्विनी धावत आली.

"काका! आधी खाऊन घ्या," म्हणत तिनं सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणीची न्याहारी) पुढं ठेवली.

"खायला न्हाई आलो. नजर माझी, जबान माझी, आन् बातमीत नाव तुझं?"

ती ओशाळली. "नाव लावायचं ठरलंय, काका. ॲप उघडलं की पहिलं तुमचंच दिसेल. थांबलोय एका अडचणीमुळं." तिनं मान खाली घातली. "आमचं मशीन चुकून राहिलंय. कुठलाही घड काट्यावर घातला की सांगितल्यापेक्षा दोनेक किलो जास्त भरतो. लोक शिव्या घालतात. तीन महिने चूक शोधतोय."

 चूक कुठं आहे ते मला लगेच कळलं. उक्त्याच्या व्यापारात बागेत उभं राहून खरं वजन कुणी बोलत नाही. मनात बावीस आलं की तोंडातून वीस निघतं. शेतकरी जवळ नसला तरी निघतं, इतकी ती सवय. त्या महिनाभरात मी तिला खोटं सांगतोय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

गप्प बसलो असतो तर भागलं असतं. शेतकऱ्याच्या हातात खरं वजन गेलं तर माझ्या नजरेला कोण विचारणार? पण कोपऱ्यातला तिचा भागीदार स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाला, "मशीन ठीक आहे. काकांची नजरच कच्ची असेल."

माझं टाळकं फिरलं. "कच्ची? नजर पक्की होती! तोंड खोटं होतं!"

भागीदारानं स्क्रीनवरून डोळे उचलले. तेजस्विनीनं हळूच विचारलं, "म्हणजे सगळ्यांत दोन मिळवायचे?"

"सगळ्यांत न्हाई," मी म्हणालो. "बारक्यात एक. पंचवीसच्या वरच्यात तीन." बोलत गेलो आणि ती लिहीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता सगळा माल देऊन टाकत होतो. निघताना तिनं पाया पडून मोबाइल दाखवला. पडद्यावर माझं नाव आलं होतं. पाहिलं, आणि वाटलं तेवढं काही झालं नाही.

परतीची बस चाकूर सोडून उन्हातून चालली होती. बाहेर सगळं पिवळं आणि सावकाश होतं. नजर, तोंड, धंदा, सगळं लातूरला ठेवून नुसतं अंग घरी निघाल्यासारखं वाटत होतं.

आमच्याकडच्या किशनराव या शेतकऱ्याच्या बागेचा सौदा त्याच संध्याकाळी करायचा ठरला होता. दिवेलागणीला त्याच्या केळीत शिरलो. तो मागं कंबरेवर हात ठेवून उभा. पहिल्या घडाकडे पाहिलं आणि धीर करून मनातला आकडा जसाच्या तसा बोललो. "बावीस."

किशनरावाचा चेहरा उजळला. "वा शेठ! म्हंजी चोवीस हाय की!"

"बावीस म्हणजे बावीस!"

"हाव, हाव," तो समजुतीनं म्हणाला. "माझा बाप पण तुमच्या आकड्यात दोन मिळवूनच सौदा करायचा. आमाला काय नवीन हाय का?"

इतकी वर्षं सगळ्या बागांना ते ठाऊक होतं. एका मशीनलाच कुणी सांगितलं नव्हतं. वाऱ्यानं पानं फडफडली, अंधारत चाललेल्या बागेत किशनराव गालातल्या गालात हसत राहिला, आणि मी पुढच्या घडाकडे बोट करून त्याचंही खरं वजन, जरा मोठ्यानं सांगितलं.