पुलाइतकं पक्कं विमान

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एक छोटं बिनवैमानिकाचं विमान बांधलं आणि त्यात दुर्गाघाटावरच्या एका पानवाल्याचं छप्पर गेलं.

वर्गात मी एकटी मुलगी. (नव्वदीतल्या काशीत हे विमानापेक्षा अजब!) प्रोजेक्टला विषय मिळाला, विमानाचा सांगाडा. पंखांचा दांडा, फासळ्या, शेपटी, सगळं हलक्या लाकडाचं. तो मी घरीच गच्चीत जोडायला घेतला, ही पहिली चूक. घरात काका होते, ही दुसरी!

काकांनी रेल्वेत जन्मभर पूल तपासलेले. त्यांनी एक फासळी दोन बोटांत धरली. मोडली.

"असा पूल बांधला असता तर मला घरी बसवलं असतं!"

"काका, विमान हलकंच लागतं."

"हलकं कर ना! पण मालगाडी गेली तरी हलता कामा नये."

"विमानावरून मालगाडी कशाला जाईल?"

"भरोसा काय!"

वेद शिकवणारे बाबाही पोथी मिटून आले. यज्ञात ससाण्याच्या आकाराची वेदी रचतात, तिचे पंख त्यांनी मला समजावले.

"बाबा, ती विटांची! ती उडत नाही."

"पडतही नाही," बाबा म्हणाले.

मी ठाम राहायला हवं होतं. पण परीक्षा तोंडावर आणि फासळ्या तर पटापट मोडत होत्या! मग दांड्याला बांबू जोडला. बांबूला लोखंडी पट्टी. पट्टीला नटबोल्ट. (ते काकांनी कुठून आणले, मी विचारलं नाही. पुलावरून जाताना मात्र अजून डोळे मिटते.)

इंजिन न लावता तरंगतं का, ते बघायचं ठरलं. काकांनी विमानाच्या नाकावरच नारळ फोडला. नाकाला काही झालं नाही! मग काकांनी आणि मी मिळून ते उचललं आणि गच्चीवरून गंगेच्या दिशेनं सोडलं. ते गंगेकडे गेलंच नाही. सरळ खाली, पानवाल्याच्या छपरावर. धडाम!

पानवाला शेजारच्या ओट्यावर गप्पा मारत होता, म्हणून वाचला.

"अरे बिटिया, ई का गिरा देहलू!"

"विमान," मी वरून म्हणाले.

"उड़े वाला?"

मी कठड्यामागे वाकले.

काका धावत खाली गेले, विमान उलटंसुलटं करून पाहिलं आणि ओरडले, "कुठं खरचटलंसुद्धा नाही गं!"

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी ते वाकवून पाहिलं, ठोकून पाहिलं. शेवटी त्यावर बसलेच!

"उडतं का?"

"नाही, सर."

"सांगाडा पक्का आहे. आता याला पाय बसवा."

"म्हणजे चाकं, सर?"

"नाही, पायच. बाक चांगलं होईल."

पास झाले मी. बाकही झकास झालंय. पाहुणे बसले की मी अभिमानानं सांगते, "हे मीच बनवलं!" काय बनवायला घेतलं होतं, तेवढं सांगत नाही.